पेटी विकली आणि खातं गोठलं

आधीच सांगतो, या गोष्टीत चोर कोणीच नाही. घेणारे तर नाहीतच, आणि मीही नाही, निदान मला तसं वाटत होतं, पुढचं वाचून तुम्हीच ठरवा. तरी एका जुन्या पेटीपायी, म्हणजे हार्मोनियमपायी, माझं पगाराचं खातं गोठलं, घराचा हप्ता बाउन्स झाला आणि २ जुलै ते १३ ऑगस्ट असे बेचाळीस दिवस त्यात गेले. (साडेतीन सप्तकाच्या पेटीला पट्ट्याही बेचाळीसच असतात. मंडळातल्या पोरांनी हा जोक एव्हाना शिळा करून टाकलाय.) काल खात्यावरची बंदी (होल्ड) निघाली म्हणून आज लिहायला बसलोय. मी अडकलो तेव्हा नेटवर शोधलं तर एकतर वकिलांच्या जाहिराती नाहीतर "खातं चालू करून देतो, फी द्या" वाले, प्रत्यक्ष कोणाला फोन करायचा आणि काय बोलायचं हे कुठेच नव्हतं.

मी कणकवलीजवळच्या गावात राहतो, हायस्कूलला लॅब असिस्टंट आहे आणि गावच्या भजनी मंडळाचा बुवा आहे. बुवा म्हणजे डबलबारीच्या (दोन बुवांच्या भजनी सामन्याच्या) स्टेजवरचा नव्हे, गणपतीत घरोघर भजनं करत फिरणारा. यंदा स्केल चेंजर (पट्टी वरखाली सरकवून सूर बदलता येणारी) पेटी घेतली, मग जुनी ठेवून करायचं काय, आमच्याकडच्या पावसात न वाजवलेली पेटी म्हणजे वाळवीला आणि गंजाला आमंत्रण. ११ जूनला जुन्या वस्तूंच्या एका ॲपवर टाकली. जाहिरातीत जे लिहिलं ते शब्दशः देतो कारण पुढे सगळं त्यावरच फिरलं: "डबल रीड, साडेतीन सप्तक, कपलर, सागवानी बॉडी. सगळ्या पट्ट्या बोलतात. एकदम टकाटक. किंमत १४,५००."

दहाबारा जणांनी "लास्ट किती" विचारून झाल्यावर मराठवाड्यातल्या एका गुरुजींचा फोन आला. रिटायर्ड प्राथमिक शिक्षक, नातीला शिकवायला पेटी हवी होती. मी तीन मिनिटांचा व्हिडिओ पाठवला, खर्जापासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्या एकेक करून वाजवल्या. त्यांनी घासाघीस केली नाही. २४ जूनला १४,५०० अधिक ट्रान्सपोर्टचे ९०० असे १५,४०० रुपये यूपीआयने एकदम टाकले. न बघता एवढे पैसे टाकणारा माणूस, मला तेव्हाच जरा अवघडल्यासारखं झालं होतं. का ते येईलच पुढे.

२६ जूनला पेटी जुन्या गोधडीत गुंडाळली, भाता (हवा भरायचा मागचा घडीचा भाग) दोरीने बांधला, वरून थर्माकोल, प्लायचा खोका, त्यावर प्लास्टिक. खोका बांधतानाचा व्हिडिओ काढला नाही. ही पहिली चूक. पेटी वाजवतानाचा व्हिडिओ आणि खोक्यात गेलेली पेटी एकच आहे हे दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. तुम्ही काही पाठवत असाल तर वस्तू चालू करून दाखवण्यापासून खोक्याला टेप लावून वर पत्ता लिहीपर्यंत एकच सलग व्हिडिओ काढा, मध्ये कट नको. ट्रान्सपोर्टवाल्याने बिल्टी (माल घेतल्याची पावती) दिली ती मात्र जपून ठेवली होती, तीच पुढे उपयोगी पडली.

फोंडाघाटातून कोल्हापूर आणि पुढे, असं करत पेटी १ जुलैला पोचली. २ तारखेला गुरुजींचा मेसेज: "तीन पट्ट्या बोलत नाहीत. भाता फुसफुस करतोय. काय करावं कळवा." मी तो वाचला, निळ्या टिका त्यांना दिसल्या, आणि उत्तर दिलं नाही. खरं कारण सांगतो. आधी राग आला, म्हटलं वाजत होती की चांगली, व्हिडिओ आहे. मग वाटलं संध्याकाळी निवांत बोलू. संध्याकाळी लाईट गेली, आमच्याकडे लाईट गेली की टॉवरही तासाभरात झोपतो, तो दीड दिवसाने जागा झाला. मग एकादशी आली. ६ जुलैला आषाढी, देवळात आदल्या रात्रीपासून भजनं, फोन घरी चार्जिंगला. सोमवारी बघतो तर गुरुजींचे १४ मिस्ड कॉल. आता एवढ्या दिवसांनी काय तोंडाने फोन करू म्हणून आणखी एक दिवस घालवला.

८ जुलै, मंगळवार. सकाळी पंपावर २०० चं पेट्रोल टाकलं, मोबाईल पुढे केला, पेमेंट फेल. परत केलं, परत फेल. पंपावरचा पोरगा ओळखीचा म्हणून "दे रे नंतर" म्हणाला. शाळेत पोचल्यावर बँकेचं ॲप उघडलं तर बॅलन्स दिसतोय पण काही पाठवता येत नाही. दुपारी सुट्टी काढून ब्रँचला गेलो. मॅडमनी खातं नंबर टाकला, स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "तुमच्या खात्यावर सायबरचा होल्ड आहे."

त्या वाक्यानंतर पाच मिनिटं काय बोलणं झालं ते मला खरंच आठवत नाही. रांगेत मागे शाळेतल्या एका मुलाचे वडील उभे होते एवढं आठवतं.

झालं होतं असं की गुरुजींच्या मुलाने त्यांना १९३० ला फोन लावायला सांगितला. १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाईन. "वस्तू खराब पाठवली, आता फोन उचलत नाहीत" एवढं सांगून यूपीआयचा १२ आकडी व्यवहार क्रमांक दिला की सायबरच्या पोर्टलवर तक्रार नोंदते आणि पैसे ज्या खात्यात गेलेत त्या बँकेला सिस्टीममधून कळवलं जातं. ही सोय खरी आहे आणि चांगली आहे, खरा भामटा पैसे पुढे पळवायच्या आत अडवायला केलेली आहे. पण सौद्याचं भांडण आणि फसवणूक यातला फरक पहिल्या दिवशी त्या मशिनरीला कळत नाही. तो कळवायचं काम आपलं.

बँकेत गेल्यावर घाबरून परत येऊ नका, तेवढ्यात पाच गोष्टी लिहून घ्या: तक्रारीचा पोचपावती क्रमांक, कुठल्या जिल्ह्याच्या पोलिसांकडे आहे, कुठल्या तारखेचा कुठला व्यवहार, किती रकमेवर होल्ड, आणि पोलिसांचा मेल आयडी किंवा फोन. मॅडमनी हे सगळं चिठ्ठीवर लिहून दिलं. आणि मीही एक प्रश्न विचारला जो मला कसा सुचला देव जाणे: तक्रार १५,४०० ची आहे तर माझं अख्खं खातं का बंद? त्या म्हणाल्या सिस्टीमने पूर्ण डेबिट फ्रीझ (पैसे बाहेर जायला बंदी) टाकलाय, तुम्ही अर्ज द्या, फक्त वादातल्या रकमेवर लिअन ठेवा (तेवढीच रक्कम अडवा) म्हणून, वर पाठवते. तिथेच उभ्या उभ्या अर्ज लिहिला आणि झेरॉक्सवर सही-शिक्का घेतला. पोच घेतल्याशिवाय कुठलाही अर्ज देऊ नका, अगदी ब्रँच मॅनेजर मामेभाऊ असला तरी.

१० तारखेला घराचा हप्ता होता, तो अर्थातच बाउन्स झाला. ५९० रुपये दंड. तीन दिवसांनी बायकोच्या खात्यातून हप्ता भरला. तुमचे हप्ते जर त्याच खात्यातून जात असतील तर होल्ड कळल्या दिवशीच कर्जवाल्या बँकेला फोन करून दुसरीकडून भरण्याची सोय बघा, मी दोन दिवस नुसता हबकून बसलो आणि ५९० घालवले.

पोलिसांचा लँडलाईन दोन दिवस नुसता वाजत राहिला. ११ जुलैला सकाळी पावणेअकराला उचलला (माझा अनुभव असा की साडेदहा ते साडेअकरा हीच वेळ, नंतर कोणी जागेवर नसतं). ज्यांनी उचलला ते हवालदार अत्यंत शांतपणे बोलले. मी पहिलंच विचारलं, साहेब एफआयआर झालाय का? ते म्हणाले नाही हो, पोर्टलवरची तक्रार आहे, तुम्ही आरोपी वगैरे काही नाही, तुमची बाजू मेलवर पाठवा. हा प्रश्न नक्की विचारा. पोर्टलवर तक्रार नोंदली म्हणजे आपोआप एफआयआर होत नाही, आणि हे कळल्यावर मला चार दिवसांत पहिल्यांदा धड जेवण गेलं.

आणखी एक सूचना त्यांनी केली, "सतरा फोटो सतरा मेलमध्ये पाठवू नका, एकच पीडीएफ करा." तसं केलं. वर एक पानी अर्ज: मी कोण, काय विकलं, केव्हा, किती पैसे आले, कधी पाठवलं, कधी पोचलं, काय तक्रार आली. "मी त्यांना वेळेवर उत्तर दिलं नाही ही माझी चूक" हेही लिहिलं, लपवून उपयोग नव्हता, चॅटमध्ये दिसतच होतं. मग जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पूर्ण चॅट तारखांसकट, पेमेंटचा स्क्रीनशॉट, बिल्टी, आधार, त्या महिन्याचं स्टेटमेंट. सोळा पानं झाली. मेल केला आणि तेच सगळं स्पीड पोस्टनेही पाठवलं. दूरच्या जिल्ह्यात स्वतः जायची वेळ आली नाही, पण बॅग भरून ठेवली होती हे खरं.

याच काळात एक मूर्खपणा केला. फेसबुकवरच्या एका ग्रुपवर "खातं फ्रीझ झालंय, कोणाला अनुभव?" असं विचारलं आणि खाली नंबर दिला. १२ तारखेला व्हॉट्सॲपवर फोन, डीपीला पोलिसांचा लोगो, हिंदीत. माझं नाव माहीत, बँक माहीत (मीच लिहिलं होतं की पोस्टमध्ये). "५,००० प्रोसेसिंग भरा, एका तासात अनफ्रीझ लेटर निघेल." त्या मनःस्थितीत मी बायकोच्या मोबाईलवरून पैसे भरायला निघालो होतो. तिने फोन हातात घेतला आणि एवढंच म्हणाली, "पोलीस कधी व्हॉट्सॲपवर पैशे मागतत काय?" आणि कट केला. म्हणजे फसवणुकीच्या तक्रारीतून सुटायला निघालेला माणूस खऱ्या फसवणुकीत पडणार होता. पोस्ट लगेच डिलीट केली.

त्याच संध्याकाळी वर्गमित्र वकिलाकडे गेलो. त्याने फी घेतली नाही, चहा मात्र मलाच सांगायला लावला. मी तावातावाने विचारलं, हा माणूस ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो का? तो म्हणाला, तू काय पेट्यांचं दुकान चालवतोस? घरातली एखादी जुनी वस्तू विकणारा व्यापारी धरत नाहीत, ऑनलाईन विक्रीचे २०२० चे जे ग्राहक संरक्षणाचे नियम आहेत तेही नियमितपणे धंदा न करणाऱ्या, वैयक्तिक विकणाऱ्या माणसाला लागत नाहीत. मला जरा जोर आला. म्हटलं, म्हणजे मी सुटलो. तो म्हणाला, थांब. वस्तू विक्रीचा कायदा आहे, तो १९३० चाच, हेल्पलाईनचा नंबर आणि कायद्याचं साल एकच, लक्षात ठेवायला सोपं. त्यात साधारण तत्त्व असं की घेणाऱ्याने बघून घ्यावं. पण वस्तू वर्णनावरून विकली असेल तर ती वर्णनाप्रमाणे असायला लागते. त्यांनी पेटी बघितली का? नाही. कशावरून घेतली? तुझ्या जाहिरातीवरून. जाहिरातीत काय लिहिलंस?

एकदम टकाटक.

"मग टकाटक होती काय?" त्याने विचारलं, आणि मी चहाच्या कपात बघत बसलो.

तर आता ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी उंदराने भात्याची एक घडी कुरतडली होती. कारागिराकडे नेण्याऐवजी मी घरीच रेक्झिनचा तुकडा कापून फेविकॉलने चिकटवला. चिकटला, हवा धरली, दोन गणपती त्यावर काढले. विकताना ते ठिगळ माझ्या डोळ्यासमोर होतं. मी स्वतःला सांगितलं की वाजतेय ना, मग ते कशाला सांगायचं. गुरुजींनी पूर्ण पैसे टाकले तेव्हा अवघडलो होतो ते यामुळे.

घरी येऊन बायकोला सांगितलं. मंडळातले सगळे "ब्लॉक कर त्याला, पोलिसांना काय ते कळव" म्हणत होते. ती म्हणाली, "आधी त्येंका फोन लावा. वकील मगे." १३ जुलैला, रविवारी सकाळी, अकरा दिवस उशिरा फोन लावला. पलीकडून आधी शांतता, मग: "बुवा, तुम्ही फोनच उचलना गेले, मग मी काय करावं? पोरगं म्हणलं १९३० लाव, लावला. मला काय तुम्हाला पोलिसात द्यायचं नव्हतं."

मी माफी मागितली. खाते गोठल्याबद्दल एक शब्द काढला नाही, म्हणजे पहिल्या फोनवर तरी नाही, कारण ते आधी काढलं असतं तर परत भांडणच झालं असतं. म्हटलं व्हिडिओ कॉल करूया, मला पेटी दाखवा. नातीने मोबाईल धरला, गुरुजींनी मागून भाता उघडला आणि मुलाने टॉर्च मारला. घडीच्या आतून एक तपकिरी पट्टी लोंबत होती. एका कडेचं फेविकॉल पापडासारखं सुटलेलं, माझ्या कात्रीचा वाकडा काप अगदी स्पष्ट दिसत होता. माझ्या मागे बायको उभी होती. "तुमच्याच ठिगळाचो पराक्रम ह्यो," ती हळूच म्हणाली, पण फोनवर ऐकू गेलं बहुतेक, कारण नात हसली.

पट्ट्यांचं मात्र माझ्याकडे उत्तर होतं. रीडमध्ये (सूर काढणाऱ्या पितळी जिभेत) कचऱ्याचा कण अडकला तरी सूर बसतो, प्रवासात हे होतंच, पातळ कागद पितळी जिभेखालून हलका फिरवला की बऱ्याचदा बोलायला लागतो. पण हे मी त्यांना फोनवरून करायला सांगितलं नाही, चुकून रीड वाकली तर ते नवीन भांडण. त्यांच्याच गावाजवळच्या कारागिराला दाखवा, त्याच्याकडून लिहून घ्या, म्हटलं. त्याने दोन दिवसांनी सांगितलं: दोन पट्ट्यांत नुसता कचरा, तिसरीची रीड तुटलेली, भाता नवीन घालावा लागेल. भात्याचे १,८००, रीड, सफाई आणि सूर लावायचे १,४००. एकूण ३,२००.

तुटलेली रीड माझ्याकडे असताना तुटलेली नव्हती, व्हिडिओत ती पट्टी वाजते. ती ट्रान्सपोर्टमध्ये गेली असणार. मी यावर दोन दिवस घोळ घातला, म्हटलं भात्याचे देतो, बाकीचं का देऊ, २,००० वर तोडा. त्यांच्या मुलाने ५,००० मागितले. पेटी परत पाठवतो, सगळे पैसे परत द्या, हाही पर्याय निघाला. पण परतीचे ९०० कोणी द्यायचे, परत घाटातून भर पावसात खोका येणार, आल्यावर त्यात नवीन काही तुटलेलं निघालं तर ते कोणाचं? शेवटी गुरुजीच म्हणाले, "कारागिराचं बिल जेवढं, तेवढंच द्या. एक रुपया वर नको." मी हो म्हटलं. २,००० म्हणालो होतो याची आता लाज वाटते, पण म्हणालो होतो.

१७ तारखेला बँकेने पूर्ण फ्रीझ काढून फक्त १५,४०० वर लिअन ठेवला, म्हणजे उरलेले पैसे वापरता यायला लागले. १९ ला ३,२०० पाठवले. इथे एक गोष्ट महत्त्वाची. मुलगा म्हणाला माझ्या नंबरवर टाका, बाबांचं यूपीआय कधी चालतं कधी नाही. मी नम्रपणे नाही म्हटलं. पैसे ज्या यूपीआयवरून आले त्याच यूपीआयवर परत, दुसरीकडे कुठेही नाही, नाहीतर उद्या कागदावर असं दिसतं की तक्रारदाराला काहीच मिळालं नाही. आधी १ रुपया पाठवून नाव बरोबर येतंय का बघितलं, मग ३,१९९. शेऱ्यात "पेटी दुरुस्ती परतावा" लिहिलं.

आणि पैसे पाठवायच्या आधी कागद. वकिलाला विचारलं स्टॅम्पवर करू का, तो म्हणाला शंभरचा स्टॅम्प गेला, आता पाचशेचा घ्यावा लागतो, ३,२०० च्या तडजोडीला पाचशेचा स्टॅम्प कशाला, साध्या कागदावर स्वच्छ लिहा. सहा ओळी होत्या: कुठली पेटी, कुठल्या तारखेचा व्यवहार, तक्रारीचा पोचपावती क्रमांक, दुरुस्तीचे ३,२०० मिळाल्यावर वाद मिटला, तक्रार पुढे चालवायची नाही, होल्ड काढायला हरकत नाही. दोघांच्या सह्या. त्यांनी सही करून फोटो पाठवला, मूळ प्रत स्पीड पोस्टने.

मला वाटलं झालं. इथून पुढे पंचवीस दिवस गेले.

कारण होल्ड मी काढू शकत नाही, माझी ब्रँचही काढू शकत नाही. तक्रारदाराने पोलिसांकडे जाऊन लेखी द्यायचं, मग पोलिसांनी बँकेच्या नोडल ऑफिसरला (अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला) कळवायचं, मग तिथून होल्ड निघणार. गुरुजी २२ जुलैला गेले, साहेब बाहेर. २५ ला परत गेले, तेव्हा अर्ज घेतला. हे मला फार लागलं, सत्तरीच्या आसपासचा माणूस माझ्या खात्यासाठी दोनदा एसटीने जिल्ह्याला गेला. भाड्याचे पैसे देतो म्हटलं तर म्हणाले आम्हाला अर्धं तिकीट असतंय.

मग शांतता. दर दोन दिवसांनी पावणेअकराचा फोन. एकदा बंदोबस्त, एकदा ट्रेनिंग, एकदा "मेल टाकलाय बहुतेक". रागावून काही मिळालं नसतं, तो हवालदार तेवढ्या वेळात खऱ्या फसलेल्या पन्नास जणांचे फोन घेत असणार. ५ ऑगस्टला मेल गेला. ६ ला ब्रँचमध्ये गेलो, "आमच्याकडे काही आलेलं नाही." ७ ला तेच. मग हवालदारांनाच विचारलं, तर म्हणाले पत्राचा जावक क्रमांक घ्या आणि तो बँकेला द्या. हा दोन-तीन आकड्यांचा जावक क्रमांक म्हणजे या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात मोलाची चीज निघाली. "पोलिसांनी मेल केलाय हो" म्हटलं की बँक खांदे उडवते. "अमुक तारखेचं, अमुक जावक क्रमांकाचं पत्र तुमच्या नोडल ऑफिसरकडे आहे" म्हटलं की मॅडम पेन उचलतात. ८ ला दिला, ९ ला दुसरा शनिवार, १० ला रविवार, ११ ला मॅडमनी वर फोन केला, १३ ऑगस्टला दुपारी लिअन शून्य.

रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायची तयारीही मी ठेवली होती. तिथे थेट जाता येत नाही, आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर मग त्यांच्या पोर्टलवर. १४४४८ वर फोन केला की ही माहिती मिळते. एक मात्र आहे, पोलिसांच्या सूचनेने ठेवलेल्या होल्डबद्दल बँक हात वर करू शकते, पण अख्खं खातं बंद करून हप्ता बाउन्स केला याला तीच जबाबदार.

ट्रान्सपोर्टवाल्याकडे तुटलेल्या रीडबद्दल गेलो होतो. त्याने बिल्टीच्या मागची बारीक अक्षरं दाखवली: माल मालकाच्या जबाबदारीवर. पाठवताना विमा उतरवता का असं त्याने विचारलंही नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. तिथे विषय संपला.

काल रात्री गुरुजींना फोन करून खातं सुटल्याचं सांगितलं. पेटी कारागिराकडून आली आहे, भाता मऊ चालतो म्हणाले, पण वरच्या सप्तकातली एक काळी पट्टी पावसाळी हवेत अजून जरा अडकते. तिला कडेने पॉलिश पेपर मारायचा का, असं विचारत होते. नको म्हटलं, दिवाळीपर्यंत थांबा, लाकूड सुकलं की आपोआप सुटेल, आणि नाही सुटली तर मला सांगा.

५९० रुपये परत मिळावेत म्हणून आज बँकेत अर्ज दिला, पोच घेतली. मॅडम म्हणाल्या मिळणं कठीण आहे. ३० दिवस १३ सप्टेंबरला पूर्ण होतात, मध्ये गणपती आहेत, तेव्हा आठवण राहावी म्हणून पोचेचा कागद नव्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवलाय. फेविकॉलने नाही, टेपने.